आक्काचं लेहचं तिकीट

आक्काचं पत्र आलं तेव्हा मी वसतिगृहाच्या नळावर सदरा धूत होतो. कोल्हापूर, १९६७ सालचा जून महिना. शिपाई लांबूनच ओरडला, "शेंडे, टपाल!" आणि माझ्या साबणाच्या हातात निळं अंतर्देशीय ठेवून गेला. ते मी तिथेच, नळ चालू ठेवून वाचलं.

"दिगू, लग्नात ताटातल्या तांदळावर वृंदा लिहिलं तेव्हापासून इथे मला यमुना म्हणणारं कोणी नाही. ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म पंधरा तारखेपर्यंत द्यायचा आहे आणि तो मला भरू देत नाहीत. अण्णांना लिहून उपयोग नाही, ते म्हणतील जरा दम धर. तू ये आणि मला घेऊन जा. येशील का, ते उलट टपाली कळव."

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वर्षापूर्वी लग्न होऊन ती फलटणला कोठावळ्यांकडे गेली होती. मी एकोणीस वर्षांचा, वर्गात हजेरीला "हजर" म्हणतानाही घसा कोरडा पडणारा. तिच्या सासूबाईंसमोर उभं राहून "मी बहिणीला न्यायला आलोय" असं म्हणायचं, एवढं एकच काम होतं. ते वाक्य मी मनातल्या मनात कितीदा तरी म्हणून पाहिलं. दर वेळी ते अर्ध्यावर अडायचं. तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि तिन्ही कागद फाडले. पंधरा तारीख गेली. आता लिहून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगितलं आणि पत्र एका जाड पुस्तकात ठेवून दिलं.

आक्का पुढे शिक्षिका झाली. फलटणच्या मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. आई-अण्णा गेले, भावोजी गेले, मी साताऱ्याच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. आम्ही भेटत राहिलो, पण त्या पत्राचा विषय कधी निघाला नाही. तिने काढला नाही, आणि मी कसला काढतोय! तिच्या घरी जायचं मात्र मी होता होईल तो टाळायचो. तीच साताऱ्याला यायची.

आज ती एक्क्याऐंशीची आहे आणि मी सत्याहत्तरचा. मी सांगणार आहे ते सात वर्षांपूर्वीचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत तिने मला फोन करून बोलावून घेतलं आणि सरळ डॉक्टरांकडे नेलं. डॉ. स्मिता दोशी तिच्याच विद्यार्थिनी. रुग्ण म्हणून आक्का समोर बसली होती, पण खुर्चीत सावरून डॉक्टरच बसल्या होत्या.

"बाई, सगळे कागद बघितले. हृदय ठीक, दम ठीक. तुम्ही लेहला जाऊ शकता."

"ऐकलंस ना?" आक्का माझ्याकडे वळून म्हणाली. "तीस वर्षं पोरींना शिकवलं, लडाख हे थंड वाळवंट आहे. फळ्यावर नकाशे काढले. डोळ्यांनी एकदा बघू दे की."

"पण बाई, जायचं तर या जूनमध्ये," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पुन्हा याल आणि मी पुन्हा हो म्हणेन, असं धरून चालू नका. मोटारीने अजिबात नको, वाटेतल्या खिंडी फार उंच आहेत. विमानाने जायचं, आणि पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं."

"आणि हा?" आक्काने काठीने स्वतःच्या डाव्या पायाकडे बोट केलं.

आक्काचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाळेच्या जिन्यावरून पडली, तेव्हापासून तो सरळच आहे. बसली की तो काठीसारखा पुढे येतो. एसटीत ती वाटेच्या कडेला बसायची आणि येणारेजाणारे पाय ओलांडून जायचे.

"साध्या खुर्चीत तो मावायचा नाही. अगदी पुढच्या रांगेतही समोर भिंत असते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला बिझनेस क्लासच घ्यावा लागेल. पाय पूर्ण पसरता येतो."

"जन्मात एक पैशाचा धंदा केला नाही आणि म्हणे बिझनेस क्लास!" आक्का हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दिगू, तू काढशील तिकिटं? तू वाचून-बिचून करतोस."

तिने माझ्याकडे काही मागितलं, ते त्या पत्रानंतर हे पहिलंच. मी हो म्हणालो. आवाज बरा निघाला, असं वाटलं.

पूर्ण दराची तिकिटं आमच्या आवाक्याबाहेर होती. होळीच्या सुमारास वर्तमानपत्रात एका विमान कंपनीची जाहिरात आली: बिझनेस क्लासची तिकिटं जवळजवळ निम्म्या दरात, प्रवास जूनमध्ये, नोंदणी चारच दिवस. शाळेच्या ग्रंथालयात संगणक आला तेव्हा मी नोंदी करायला शिकलो होतो. घरीही एक जुना संगणक होता. तो सुरू केला आणि पहिल्याच पानावर खाली लिहिलं होतं, "मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत." शेजारी खूण करायला चौकट.

मी अटी वाचायला घेतल्या. त्या तेवीस पानं होत्या. सहाव्या पानावर असताना पडद्यावर पाटी आली: तुमची वेळ संपली आहे, पुन्हा सुरुवात करा. दहा मिनिटांत सगळं उरकायचं होतं म्हणे. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पाटी आली. दुसरा दिवस असाच गेला. तिसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला.

"झालं का रे?"

"वाचतोय."

"काय वाचतोयस? तिकीट काढायचंय का परीक्षेला बसायचंय?"

"अटी आहेत. तेवीस पानं."

"लोक वाचतात?"

"लोक खूण करतात आणि पुढे जातात."

"मग तूही कर."

"न वाचता 'वाचलं' असं कसं लिहून द्यायचं, आक्का?"

मग म्हणाली, "तुझं लग्न का जमलं नाही, ते मला आज कळलं."

शेवटी मी तेवीसच्या तेवीस पानं छापून घेतली आणि पेन्सिलने खुणा करत वाचून काढली. वाचून झाली तेव्हा चौथ्या दिवसाची दुपार होती. पडद्यावर लाल अक्षरं आली: या विमानात या दराच्या दोनच जागा शिल्लक. वरच्या कोपऱ्यात उलटे जाणारे आकडे. माझं नाव, तिचं नाव, जन्मतारखा, सातारचा पत्ता, एकेक टाईप करत गेलो. आकड्यांत चाळीस सेकंद उरले असताना पैसे भरले गेले. पुणे ते दिल्ली, दिल्लीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली ते लेह. मी उठून दोन पेले पाणी प्यायलो.

आक्काला फोन केला. "झालं."

"खरंच?"

"खरंच. तुला खिडकी घेतलीय."

"खिडकी!" ती म्हणाली. "दिगू, खिडकी!" मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. ग्रंथालयातली एक सवय मला अजून होती. पुस्तकाची नोंद झाली की कार्ड पुस्तकाच्या पहिल्या पानाशेजारी धरून अक्षर अन् अक्षर पडताळायचं. तसं तिकीट छापून समोर धरलं. माझं नाव बरोबर होतं. तारखा बरोबर होत्या. तिच्या नावापुढे होतं: यमुना कोठावळे.

फलटणमध्ये तिला यमुना म्हणणारं कोणी नव्हतं. तिच्या सासूबाई तिला वृंदा म्हणत, दीर वृंदावहिनी म्हणत, शेजारच्या बायका वृंदाकाकू. भावोजी गेले तेव्हाच्या पत्रिकेतही श्रीमती वृंदा असंच छापलं होतं. लग्नात बदललेलं नाव बाईच्या सगळ्या कागदांवर चढतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. आणि घाईत माझ्या बोटांनी माहेरचं नाव लिहून टाकलं होतं. तेवीस पानांतली चौदावी अट तर मीच पेन्सिलने दोनदा अधोरेखित केली होती: तिकिटावरचं नाव फोटोच्या ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आणि खाली: सवलतीच्या तिकिटावर प्रवाशाचं नाव बदलता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला फोन लावायचं ठरवलं. काय बोलायचं ते आधी कागदावर हिंदीत लिहून काढलं. वीस मिनिटं संगीत वाजल्यावर एका मुलीचा आवाज आला आणि मी कागद वाचायला लागलो. तिने दोन वाक्यं ऐकून घेतली.

"काका, मराठीत बोला. मी चोपड्याची आहे."

"तिकिटावर नाव चुकलंय हो."

"एखादं अक्षर का?"

"नाही. अख्खं नावच."

"म्हणजे प्रवासी दुसराच?"

"प्रवासी तीच आहे. माझी बहीण. नाव माहेरचं पडलंय."

"अगं बाई! माहेरचं कसं काय टाकलंत?"

याचं उत्तर मी कागदावर लिहिलेलं नव्हतं. "मी तिला त्याच नावाने ओळखतो," म्हणालो.

तिकडे बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "काका, सवलतीच्या तिकिटात एखादं अक्षर मी दुरुस्त करून देते. पण हे कॉम्प्युटरला वेगळं माणूस दिसतं. रद्द केलंत तर नुसता कर परत मिळेल."

"मग रद्द करून पूर्ण दराचं घेतलं तर?" हे विचारताना कुठली ठेव मोडायची तेही मी ठरवलं होतं.

"जागाच नाहीत. लेहला विमानं सकाळचीच जातात आणि पुढच्या भागात खुर्च्या असतात मोजक्या. जूनमधल्या सगळ्या गेल्यात. मी बघितलं."

"साध्या वर्गात तिचा पाय मावत नाही."

"हो, लिहिलंय इथे तुम्ही," ती म्हणाली. जरा थांबून तिने विचारलं, "त्यांच्याकडे जुन्या नावाचं फोटोचं काही ओळखपत्र नसेल का? काहीही चालेल. विचारा ना त्यांना."

विचारा ना त्यांना! तेवढंच सोडून मी बाकी सगळं केलं. नाव बदलल्याची नोंद राजपत्रात असते असं कुठेशी वाचलं होतं, म्हणून कचेरीत जाऊन चौकशी केली. त्यांनी मूळ कागद मागितले, आणि ते तर तिच्याकडे. कंपनीला दोन पत्रं पाठवली. दोन्हींना सारखंच उत्तर आलं, की आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे. असे सहा आठवडे गेले. आक्काचे फोन चालूच होते.

"दोन स्वेटर पुरतील का रे?"

"पुरतील."

"शाळेतून मोठा नकाशा आणलाय. सिंधू विमानतळाच्या अगदी जवळून जाते. तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"आणि तुझ्या डोक्याचा घेर किती आहे ते मोज. कानटोपी विणतेय."

मी दोरीने डोकं मोजलं आणि आकडा सांगितला. या जूनमध्ये नाही गेली तर ती कधीच जाणार नव्हती. तिने दुसऱ्यांदा माझ्यावर काही टाकलं होतं आणि ते मी दुसऱ्यांदा बुडवलं होतं. फरक इतकाच की, या वेळी ती आनंदाने टोपी विणत होती.

एप्रिलच्या शेवटी तिकीट पिशवीत घालून मी फलटणची एसटी धरली.

आक्का मागच्या खोलीत कैऱ्या किसत होती. डावा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवलेला, मांडीवर परात.

"तू? न सांगता?" ती म्हणाली. "बरा आलास. टोपी घालून बघ."

"आक्का, माझ्या हातून चूक झालीय."

"बस तरी आधी."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्यानेच सगळं सांगितलं. घाई, नाव, चौदावी अट, चोपड्याची मुलगी, भरून गेलेल्या जागा. एसटीत पाठ केलेलं होतं, म्हणून शेवटपर्यंत गेलो. तिने किसणी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि तिकीट मागून घेऊन लांब धरलं.

"यमुना कोठावळे," तिने वाचलं. "बरोबर आहे की."

"बरोबर काय आक्का, तुझ्या आधारकार्डावर वृंदा असणार."

"कोण म्हणालं?"

"इथे सगळे तुला..."

"त्या कपाटात बिस्किटांचा डबा आहे. आण."

मी डबा आणला. तिने त्यातून एकेक कार्ड काढून परातीच्या काठावर मांडलं. आधारकार्ड, पॅनकार्ड, मतदानाचं कार्ड, पेन्शनचं पुस्तक. सगळ्यांवर एकच नाव होतं. यमुना शंकर कोठावळे.

मग मात्र मी बसलो. खाली फरशीवरच बसलो. छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून नेलं होतं आणि मला धड हसताही येत नव्हतं.

"सहा आठवडे हे डोक्यात घेऊन फिरत होतास?" आक्काने विचारलं.

"हो."

"एक फोन करायचा, की आक्का, तुझ्या कार्डावर काय नाव आहे?"

"धीर झाला नाही."

"धन्य आहे."

"पण भावोजींच्या वेळच्या पत्रिकेत..."

"ती दिराने छापली. त्याला वृंदावहिनीच माहीत."

"मग तू नाव परत बदलून घेतलंस कधी?"

"परत कशाला? मी बदलूच दिलं नाही." तिने पुन्हा कैरी हातात घेतली. "सदुसष्ट साली. अठरा जूनला."

मी कार्डं गोळा करत होतो. माझा हात थांबला. तिच्या लक्षात आलं असणार, पण ती किसत राहिली.

"पंधरापर्यंत तुझी वाट पाहिली," ती म्हणाली. "मग म्हटलं, टपाल उशिरा येतं कधीकधी. आणखी तीन दिवस देऊ. पोस्टमन यायच्या वेळी रोज तांदळाचं सूप घेऊन दारात बसायची. सासूबाई म्हणायच्या, हिला निवडायला दुसरी जागा नाही का? अठराला हे रेशनकार्डाचा फॉर्म घेऊन आले. माझं नाव चढवायचं होतं. ओसरीवर लिहायला बसले. सासूबाई म्हणाल्या, लिही, वृंदा. आणि मी आतून म्हणाले, यमुना लिहा."

"एवढंच?"

"एवढंच कसलं! वर्षभरात माझा आवाज त्या घरात ओसरीपर्यंत गेला नव्हता. सासूबाईंनी विचारलं, कोण बोललं? जसं काही घरात चोर शिरलाय."

"मग?"

"मग तुझे भावोजी. तुला माहीत आहेत ना, दिवसाला चार शब्द. पेन धरून तसेच बसून राहिले. मला वाटलं, आता उठतात आणि मला माहेरी पोचवतात. पण लिहिलं त्यांनी. यमुना. आणि आईकडे न बघता म्हणाले, आज शाई लवकर वाळत नाही."

ती हसली. मीही हसलो असेन.

"सासूबाई चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. वृंदा मात्र मरेपर्यंत म्हणत राहिल्या. म्हणू देत. पुढच्या जूनला ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म ह्यांनीच आणून दिला. न मागता."

कैरीच्या किसाचा वास खोलीभर पसरला होता. मला एकदम मोकळं वाटलं आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं, "म्हणजे मी आलो नाही ते एका अर्थी..."

"थांब," आक्का म्हणाली. तिचा तो वर्गातला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आला नाहीस ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही. आला असतास तर तुझ्याबरोबर गेले असते. त्याचं पुढे बरं झालं असतं की वाईट, मला माहीत नाही. पण तेवढ्यावर तू सुटू नकोस. त्यानंतर दोन भाऊबीजांना मी आले नव्हते. आठवतं?"

"तू कळवलं होतंस, घरात अडचण आहे."

"कसली अडचण! राग आला होता."

मी मान खाली घातली.

"येत नाही, मला जमत नाही, असं लिहिलं असतंस तरी चाललं असतं रे," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "मला काही तुझ्याकडून पराक्रम नको होता. मी दारात बसले नसते, इतकंच."

पत्र मिळालं होतं का, असं तिने विचारलं नाही. मिळालं होतं हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"आता उत्तर देऊ?" मी विचारलं.

"आता!" तिने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघून तिला हसू आलं असावं, पण तिने ते दाबलं. "दे. पण तोंडी नको. तोंडी बोलताना तू निम्मं गिळतोस. लिहून दे, आणि टपालाने पाठव. मी टपालानेच विचारलं होतं."

मग तिने परात बाजूला सारली, टोपी माझ्या डोक्यावर ओढून बसवली आणि म्हणाली, "घट्ट होतेय. तू डोकं नीट मोजलेलं नाहीस."

जूनमध्ये पुण्याच्या विमानतळावर दारातल्या जवानाने तिकीट घेतलं, आधारकार्ड घेतलं, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मी श्वास धरून उभा होतो. कार्डं मी स्वतः पाहिलेली होती, तरी. "यमुनाजी, चलिए," तो म्हणाला आणि आक्का काठी टेकत माझ्यापुढे आत गेली.

दिल्लीहून निघालेलं विमान डोंगरांवर आलं तेव्हा आक्काचा पाय पांढऱ्या पांघरुणाखाली पूर्ण पसरलेला होता. पुढे भिंत नव्हती, ओलांडून जाणारं कोणी नव्हतं. खाली बर्फ संपलं आणि उघडे, तपकिरी डोंगर सुरू झाले. कुठे झाड नाही, कुठे हिरवं नाही. तिने कपाळ काचेला टेकवलं.

"वाळू असते म्हणून वाळवंट नव्हे, पाऊस नसतो म्हणून वाळवंट," ती पुटपुटली. "पोरींना हे दर वर्षी सांगायची. त्यांचा विश्वास बसायचा नाही. खरं सांगू? माझाही नीटसा बसला नव्हता."

सिंधू दिसली तेव्हा तिने माझं मनगट धरलं ते विमान उतरेपर्यंत सोडलं नाही.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस आम्ही पडून राहिलो. आक्का मजेत होती. खिडकीतून डोंगर बघायची, गरम पाणी प्यायची, उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीशी खुणांनी बोलायची. माझं डोकं मात्र ठणकत होतं. त्याच अवस्थेत उशाला वही घेऊन मी लिहायला लागलो. पहिल्या कागदावर वार्षिक परीक्षेचं लिहिलं. जूनमध्ये कसली वार्षिक परीक्षा! फाडला. दुसऱ्यावर अण्णांचा स्वभाव लिहिला. तोही फाडला. तिसऱ्यावर वसतिगृहाचे नियम, सुटी न मिळणं, एसटीच्या वेळा. त्यातलं काही खोटं नव्हतं. तरी तो कागदही घडी घालून बाजूला ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात गेलो. चार पावलं टाकायची, थांबायचं, अशा चालीने. पोस्टाजवळ जर्दाळू विकणाऱ्या एका बाईने आक्काला आपलं स्टूल दिलं. पाय पुढे पसरून ती उन्हात बसली आणि मी आत जाऊन पाकीट घेतलं. टेबलाशी उभं राहूनच लिहिलं. या वेळी वेळ लागला नाही.

"आक्का, तुझं पत्र मिळालं. मी येत नाही. तुझ्या सासूबाईंसमोर उभं राहायची मला भीती वाटते. दुसरं काही कारण नाही. तू माझी वाट पाहू नकोस. दिगू."

खाली तारीख घालताना क्षणभर थांबलो आणि त्याच दिवसाची घातली. पाकिटावर फलटणचा पत्ता लिहिला. पोस्टातल्या माणसाने तिकिटं दिली आणि सांगितलं की, पोचायला आठदहा दिवस लागतील.

बाहेर आलो तेव्हा आक्का एक जर्दाळू खात होती.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"घरी गेल्यावर वाच."

"किती दिवस लागतील म्हणाला?"

"आठदहा."

"फार झाले," आक्का म्हणाली. "टाक लवकर."

लाल पेटी पोस्टाच्या भिंतीलाच होती. मी पाकिटाचा चिकटवलेला काठ अंगठ्याने पुन्हा एकदा दाबून पाहिला, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि ते आत सोडलं.